कशानं गेले, वय काय होतं

रविवारी सकाळी आठला आईचा फोन येतो. मिरजेत तेव्हा साडेबारा झालेले असतात, कुकर उतरलेला असतो आणि बाबांचं पान वाढायला अजून अर्धा-पाऊण तास असतो. तेवढ्यात आठवड्याच्या बातम्या होतात. कोणाचं ठरलं, कोणाचं मोडलं, आणि शेवटी आवाज जरा खाली आणून, कोण गेलं.

"अगं, ते चपलांच्या दुकानवाले काका गेले."

"कशानं?"

"झोपेतच. सकाळी सून चहा घेऊन गेली तर..."

"वय काय होतं?"

"चौऱ्याऐंशी पूर्ण."

"मग सोनं झालं म्हणायचं."

एवढ्यावर काका संपतात आणि आई नळाला पाणी एक दिवसाआड येतंय त्यावर जाते. पण मागे एकदा गल्लीतल्या एका मुलाची बातमी आली. वय बत्तीस. त्या दिवशी 'कशानं' हे मी चार वेळा विचारलं आणि आईनं चार वेगवेगळी उत्तरं दिली. अटॅक आला म्हणतात. आधीपासून काहीतरी होतं म्हणतात. जिममध्ये कसल्या पावडरी खायचा म्हणतात. रात्री-रात्री जागायचा म्हणतात. आम्हा दोघींनाही कारण हवं होतं, आणि ते फक्त त्याला लागू पडेल असं हवं होतं. माझा धाकटा भाऊ तेहेतीसचा आहे.

माझ्या पोटापाण्याचा धंदाच या दोन प्रश्नांवर चालतो. डब्लिनमधल्या एका पुनर्विमा कंपनीत मी आकडेमोड करते. विमा कंपन्या आपल्या डोक्यावरची जोखीम ज्यांच्याकडे उतरवून ठेवतात, त्या पुनर्विमा कंपन्या. माझ्या कामाला मराठीत 'विमागणिती' असा शब्द आहे हे मला नोकरी लागल्यावर सहा वर्षांनी कळलं. आई सगळ्यांना 'ती विम्यात आहे' एवढंच सांगते, त्यामुळे अर्ध्या मिरजेला वाटतं की मीही बाबांसारख्या पॉलिस्या विकते.

बाबा चौतीस वर्षं एलआयसीचे एजंट होते. लुनावरून म्हैसाळ, आरग, बेडगपर्यंत जायचे. एवढ्या वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकासमोर 'मरण' हा शब्द एकदाही उच्चारला नाही. "उद्या देव न करो, तुमचं काही बरं-वाईट झालं तर" हे त्यांचं वाक्य, आणि 'देव न करो'ला ते हात कपाळाला लावायचे. त्यांनी ज्या बऱ्या-वाईटावर पांघरूण घातलं, त्याचे मी आता रकाने पाडते.

असा तक्ता पहिल्यांदा नीट मांडला तो धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीनं, १६९३ मध्ये. कोणत्या वयाची किती माणसं आहेत आणि त्यातली वर्षाला किती जातात, याचा हिशोब. लंडन आणि डब्लिनच्या मृत्यूंच्या याद्या तेव्हा उपलब्ध होत्या, पण त्यानं दोन्ही बाजूला सारल्या. एक तर त्यात वयं नव्हती, आणि दुसरं म्हणजे त्या शहरांत बाहेरून येऊन राहिलेले उपरे फार. त्याऐवजी त्यानं ब्रेस्लाऊ घेतलं, म्हणजे आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ. तिथे कॅस्पर नॉयमान नावाचा पाद्री जन्ममृत्यूच्या नोंदी चोख ठेवत असे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. हॅलीनं ज्या कारणासाठी डब्लिन नाकारलं, तेच कारण सव्वातीनशे वर्षांनी त्याच डब्लिनात बसून त्याच्याच पद्धतीचा तक्ता चालवतंय.

माझ्या तक्त्यात आडव्या ओळी वयाच्या आणि उभे रकाने देशांचे. चौकटीत त्या वयाच्या माणसांना त्या देशात सगळ्यात जास्त काय नेतं ते, रंगानं. हृदय आणि रक्तवाहिन्या लाल, कॅन्सर जांभळा, अपघात नारिंगी, मेंदूचे आजार राखाडी. अख्ख्या युरोपीय संघाची बेरीज केली तर उत्तर अगदी कंटाळवाणं येतं. साधारण एक तृतीयांश लोक हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांनी जातात, पाचातला एकाहून थोडे जास्त कॅन्सरनं, बाकीचे उरलेल्या सगळ्यानं. वर्तमानपत्रात छापून येतं ते एवढंच. यात वय मिसळून गेलेलं असतं, आणि वय मिसळलं की काहीच दिसत नाही. इटलीतले निम्मे लोक अठ्ठेचाळीसच्या पुढचे आहेत, आयर्लंडमधले निम्मे एकोणचाळिशीच्या आतले. या दोन देशांची नुसती एकूण संख्या समोरासमोर ठेवणं म्हणजे शाळेच्या आणि पेन्शनरांच्या सहलीत गुडघेदुखी मोजण्यासारखं आहे. म्हणून युरोपनं एक काल्पनिक लोकसंख्या ठरवून घेतली आहे, प्रत्येक वयाचे इतके लोक धरायचे म्हणून. ती आधी १९७६ ची वापरत, मग माणसं म्हातारी झाल्यामुळे २०१३ मध्ये बदलावी लागली.

वरून पहिली ओळ 'एक वर्षाच्या आत'. इथे सगळीकडे कारणं तीच असतात: अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्माच्या वेळची गुंतागुंत, जन्मजात व्यंगं. पण आकडे सारखे नाहीत. स्वीडन, फिनलंड, एस्टोनियात हजारी दोनच्या आसपास बाळं जातात, रुमानियात त्याच्या दुपटीहून जास्त. आणि एवढासा माल्टा, श्रीमंत, उत्तम दवाखाने असलेला, तोही वरच्या आकड्यांत. माल्टात गर्भपात बेकायदा आहे. २०२३ पासून फक्त आईच्या जिवावर बेतलं तर मुभा. त्यामुळे इतर देशांत पोटात असतानाच कळून जी गर्भारपणं थांबवली जातात, ती तिथे जन्माला येतात आणि काही तासांनी, काही दिवसांनी तक्त्याच्या पहिल्या ओळीत येतात. इतर देशांच्या तक्त्यात ती कुठेच नसतात. या चौकटीपाशी मी दर वर्षी थांबते आणि दर वर्षी पुढे जाते.

माझी मुलगी इथेच झाली. आई बाळंतपणाला आली ती डिंक, अळीव, खारकेची पूड आणि मोहरीची उशी घेऊन. डोकं गोल होण्यासाठी. विमानतळावरच्या माणसानं ती उशी दोनदा दाबून पाहिली. मग तिसऱ्या दिवशी घरी सरकारी नर्स आली. इथे ती येतेच, बोलवावं लागत नाही. तिनं बाळाचं वजन केलं, माझी चौकशी केली आणि पाळण्याकडे पाहून उशी दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली. बाळ उताणं, टाचा पाळण्याच्या तळाकडच्या कडेला टेकलेल्या, उशी नाही, दुलई नाही, मऊ खेळणं नाही. आई मराठीत म्हणाली, "सांग तिला, तुम्हा दोघांना उशीवरच वाढवलंय." मी सांगितलं नाही, कारण मला नेदरलंड्सची रेघ माहीत होती.

सत्तरच्या दशकात डच डॉक्टर बाळाला पालथं झोपवायला सांगू लागले. दूध घशात अडकणार नाही, असं त्यामागचं तर्कशास्त्र. सल्ला चांगल्या मनानं दिलेला, आयांनी मनापासून पाळलेला. आणि झोपेत, कसलंही कारण न सापडता जाणाऱ्या बाळांचा आकडा चढत गेला. खूस द यॉन्ग नावाच्या बालरोगतज्ज्ञानं हे दोन्ही एकत्र पाहिलं आणि १९८७ मध्ये जाहीर सांगितलं, पालथं झोपवू नका. ना औषध, ना लस. बाळ उलटं करा. आकडा धाडकन खाली आला आणि उतरतच राहिला. ब्रिटननं हेच १९९१ च्या अखेरीस केलं, तिथेही रेघ तशीच कोसळली. मधली वर्षं ज्यांनी डॉक्टरांचं ऐकलं, त्या आयांचा विचार मला ती रेघ पाहताना येतोच.

उशी कपाटात गेली. परत निघायच्या आदल्या दिवशी आईनं ती उसवली, मोहरी चाळली, निवडली आणि बरणीत भरून ठेवली. पुढचे सहा-सात महिने आमच्याकडे फोडण्या त्याच उशीच्या होत्या.

त्याखालच्या ओळी फिक्या आहेत. युरोपात सगळ्यात सुरक्षित माणूस कोण, तर दहा वर्षांची मुलगी. अशा दहा हजार मुलींत वर्षभरात एक पुरीसुद्धा जात नाही. जातात त्या रक्ताच्या किंवा मेंदूच्या कॅन्सरनं, नाहीतर अपघातानं. पूर्वी घटसर्प, गोवर, डांग्या खोकला या ओळीत मांडी घालून बसले होते. आता चौकट इतकी रिकामी आहे की लहान देशांत एका बसचा अपघात झाला तर त्या वर्षाचा रंग बदलतो.

मग पंधरा ते तीस, आणि विशेषतः मुलगे. मृत्यूदराची रेघ कागदावर काढली तर इथे तिला एक उंचवटा येतो. इंग्रजीत त्याला अपघाताचं मदार म्हणावं तसं काहीतरी म्हणतात. मी माझ्यापुरतं त्याला वशिंड म्हणते, बैलाचं असतं तसं. बेन्जामिन गॉम्पर्ट्झ नावाच्या लंडनकरानं १८२५ मध्ये दाखवून दिलं की मोठेपणी मरणाची शक्यता ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जाते. आजच्या हिशोबानं साधारण आठ वर्षांनी. हा गॉम्पर्ट्झ ज्यू होता म्हणून त्याला विद्यापीठात घेतलं नव्हतं, गणित तो घरी शिकला. त्याचा नियम तिशीनंतर चक्रवाढ व्याजासारखा चालतो. त्याआधीच्या या वशिंडाला मात्र तो लागू नाही. ते शरीरानं घडवलेलं नसतं. ते रस्ते, दारू, वेग आणि एकटेपणा यांनी घडवलेलं असतं, म्हणून देशागणिक त्याची उंची बदलते.

रस्त्याचं सोपं आहे, म्हणजे निदान समजायला. २००१ मध्ये आजच्या युरोपीय संघाच्या देशांत ५१ हजारांवर माणसं रस्त्यावर गेली, २०२३ मध्ये वीस हजारांच्या आसपास. स्वीडनच्या संसदेनं १९९७ मध्ये ठरवलं की रस्त्यावर एकही मृत्यू स्वीकारार्ह धरायचा नाही. ऐकायला भाबडं वाटतं. पण मग त्यांनी काय केलं, तर तीन पदरी रस्त्यात मधला पदर आळीपाळीनं एकदा याला, एकदा त्याला ओव्हरटेकसाठी दिला आणि मध्ये पोलादी दोरांचा कठडा ओढला. चूक माणूस करणारच असं धरलं, चुकला तरी समोरच्यावर जाऊन आदळणार नाही असं पाहिलं. तिथे आता दहा लाख लोकांमागे वर्षाला वीस-बावीस जण रस्त्यावर जातात. रुमानिया, बल्गेरियात ऐंशीच्या घरात. भाऊ मिरज-पंढरपूर रस्त्यानं मोटारसायकलवर जातो तेव्हा मला तो दोरांचा कठडा आठवतो. त्याला मी हे सांगितलं तर तो म्हणतो, "तुझं ऑफिस घरी आणू नको."

रस्त्यावरचा आकडा उतरला तसा त्याच्या खाली इतके दिवस झाकलेला दुसरा आकडा वर आला. पंधरा ते एकोणतीस या वयात युरोपीय संघात आता सगळ्यात मोठं एकटं कारण आत्महत्या आहे, या वयातल्या मृत्यूंचा जवळपास पाचवा हिस्सा. सगळ्या वयांचा मिळून आकडा पाहिला तर लिथुआनियात नव्वदच्या दशकात तो जगात सर्वांत वरच्यांपैकी होता, लाखाला पंचेचाळीसच्या वर. सोव्हिएत संघ मोडला, कारखाने बंद पडले, पन्नाशीच्या पुरुषांना आपण कशासाठी आहोत ते कळेनासं झालं. आता तो निम्म्याहून खाली आलाय, तरी युरोपात वरच आहे. ग्रीस आणि सायप्रस तळाशी. यात ऊन किती, कुटुंब किती आणि लिहिणाऱ्याचा हात किती आखडला, हे सुटं करता येत नाही. आयर्लंडमध्ये १९९३ पर्यंत आत्महत्या हा कायद्यानं गुन्हा होता. ज्या गावात पाद्री, पोलीस आणि डॉक्टर एकमेकांच्या घरी जेवतात, तिथे 'पाण्यात पडून अपघात' असं लिहिणं ही त्या घरावर केलेली दयाच असणार. तक्त्याला ती दया नारिंगी रंगात दिसते.

चाळीस ते पासष्ट ही ओळ माझी आवडती, म्हणजे कामाच्या अर्थानं. माणसाचं कर्ज, मुलांची शिक्षणं, विमा, सगळं या ओळीत असतं. आणि इथेच युरोपची पूर्व आणि पश्चिम उभी चिरल्यासारखी दिसते.

फिनलंडच्या पूर्वेला, रशियाच्या सीमेला लागून उत्तर कारेलिया नावाचा प्रांत आहे. जंगलं, तळी, लाकूडतोडे, छोट्या गोठ्यांची शेती. साठच्या दशकात तिथले धडधाकट पुरुष चाळिशी-पन्नाशीत छातीला हात लावून कोसळत होते. कामावर, बर्फात, सॉनाच्या पायरीवर. फिनलंडचा हृदयविकाराचा आकडा तेव्हा जगात सर्वांत वाईट होता आणि कारेलियाचा फिनलंडमध्ये सर्वांत वाईट. १९७१ मध्ये त्या प्रांतानं सरकारकडे अर्ज केला की काहीतरी करा. १९७२ मध्ये पेक्का पुस्का नावाचा सव्विशीतला डॉक्टर तिथे पाठवला गेला.

मला या गोष्टीत सगळ्यात काय आवडतं, तर त्यानं दवाखान्यापासून सुरुवातच केली नाही. त्यानं बायका गाठल्या. मार्ता नावाची तिथली गृहिणींची जुनी संघटना आहे, आपल्या महिला मंडळासारखी पण गावोगाव पसरलेली. त्या बायकांनी 'दीर्घायुष्याच्या संध्याकाळी' भरवल्या. नेहमीचंच कालवण, पण लोणी कमी, मीठ कमी, भाजी जास्त, आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. १९७२ मध्ये तिथे दहातले नऊ जण पावाला लोणीच लावत. लोणी म्हणजे युद्धानंतरच्या उपासमारीतून वर आल्याची खूण होती. भाजी ही गुरांनी खायची गोष्ट, असं पुरुष म्हणत. सॉसेज करणाऱ्याला पटवून चरबीच्या जागी काही भाग अळंबी घालायला लावली. गोठेवाले चिडले, तर त्यांना बेरी लावायला मदत दिली. गावागावांत कोलेस्टेरॉल उतरवण्याच्या स्पर्धा लावल्या. कॉफी उकळून प्यायची सवय होती, ती गाळून प्यायची झाली, त्यानंही फरक पडला. साडेतीन-चार दशकांत कमावत्या वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून जास्त घटले. आई हे ऐकून म्हणाली, "म्हणजे सासूला पटवलं की घर बदलतं." बरोबर आहे.

पोलंडमध्ये तर अशी मोहीमसुद्धा नव्हती. कम्युनिस्ट राजवट गेली, लोण्या-चरबीवरची सरकारी सूट गेली, दुकानात तेलाच्या बाटल्या स्वस्त झाल्या, आणि १९९१ नंतर हृदयविकाराचे मृत्यू भराभर उतरले. याच्या उलट रशिया. १९८५ मध्ये गोर्बाचेव्हनं दारूवर बंधनं घातली तेव्हा दोनच वर्षांत पुरुषांचं सरासरी आयुर्मान पासष्टला टेकलं. बंधनं सुटली, देश सुटला, आणि १९९४ ला ते अठ्ठावन्नच्याही खाली आलं होतं. एवढे चढउतार एरवी युद्धातच दिसतात.

बायकांचा रकाना वेगळा. पन्नाशीच्या आगेमागे तिथे जांभळाच रंग, बहुतेक ठिकाणी स्तनाचा कॅन्सर. पण डेन्मार्ककडे पाहिलं की फुफ्फुस वर येतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जन्मलेल्या डॅनिश बायकांनी पुरुषांच्या बरोबरीनं सिगारेट ओढली. ते स्वातंत्र्य होतं, आणि कोणी नाव ठेवण्याचं कारण नाही. पण तीस वर्षांनी अख्ख्या देशाचं स्त्रियांचं आयुर्मान वाढायचं थांबलं, शेजारचं स्वीडन पुढे निघून गेलं. ती पिढी ओळीओळीनं खाली सरकताना तक्त्यात दिसते, चाळीस-पन्नास, पन्नास-साठ, साठ-सत्तर. सापानं उंदीर गिळावा आणि तो पोटातून पुढे जाताना दिसावा तसं. उपमा वाईट आहे, पण मला तसंच दिसतं. (आणि बायका जास्त जगतात हे तक्त्याला माहीत असूनही, २१ डिसेंबर २०१२ पासून युरोपीय संघात विम्याचा हप्ता स्त्री-पुरुष पाहून ठरवता येत नाही. न्यायालयाचा निकाल आहे. बाबांना हे अजून पटलेलं नाही.)

आमच्या इथल्या गणपतीत आरती झाल्यावर चाळिशीतले पुरुष एका कोपऱ्यात जमतात. दहा वर्षांपूर्वी तिथे घरांच्या किमती निघायच्या, आता एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, निघतो. ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत हृदयविकाराचे मृत्यू तिथल्या गोऱ्यांपेक्षा ठळकपणे जास्त आहेत, मधुमेह लवकर येतो, कंबर फारशी न सुटताही येतो. म्हणजे देश बदलून माणूस रकाना बदलतो, पण थोडा जुना रकाना खिशात घेऊन येतो. मोदक मात्र सगळे खातात. मीही.

आता बल्गेरियाबद्दल. तिथे दहातले सहा मृत्यू हृदय-रक्तवाहिन्यांच्या नावावर आहेत, डेन्मार्कमध्ये दहातले दोन. तंबाखू, दारू, मीठ, उपचार न झालेला रक्तदाब, हे सगळं खरं. पण काही भाग लेखणीचाही आहे. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरनं एकाखाली एक ओळी भरायच्या असतात. वरच्या ओळीत शेवटी काय झालं ते, त्याखाली ते कशामुळे, त्याखाली ते कशामुळे. समजा वर 'न्यूमोनिया', त्याखाली 'खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळणं', त्याखाली 'घरात पडणं'. तर तक्त्यात न्यूमोनिया जात नाही, पडणं जातं. सगळ्यात खालची ओळ खरी. पण म्हाताऱ्या माणसाला घरी मरण आलं, डॉक्टर घाईत आहे, कोणी शवविच्छेदन मागत नाही, तर तो पहिल्याच ओळीत 'हृदय बंद पडलं' लिहून मोकळा होतो. खोटं नसतंच ते. हृदय बंद न पडता अजून तरी कोणी मेलेलं नाही.

आपल्याकडे तर डॉक्टरनं कारण लिहून दिलेले मृत्यूच नोंदल्यांपैकी पाचातला एक-सव्वाएक. पण मराठी वर्तमानपत्रांची स्वतःची एक वर्गवारी आहे आणि ती मला कुठल्याही आंतरराष्ट्रीय यादीपेक्षा कमी वाटत नाही. 'दीर्घ आजाराने' म्हणजे कॅन्सर. 'अल्पशा आजाराने' म्हणजे विचारू नका. 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने' म्हणजे साठच्या आत. 'वृद्धापकाळाने' म्हणजे घरच्यांची तक्रार नाही. 'आकस्मिक निधन' वाचलं की लोक पेपर खाली ठेवून फोन उचलतात. १६६२ मध्ये जॉन ग्राँट नावाच्या लंडनच्या कापड-बटणं विकणाऱ्यानं मृत्यूंच्या याद्यांवर पहिलं पुस्तक लिहिलं, त्यातल्या १६३२ च्या यादीत 'दात : ४७०' असं कारण आहे, म्हणजे दात येण्याच्या वयातली बाळं. 'ग्रहदशा : १३' आहे. आणि 'दुःख : ११' आहे. त्या अकरा जणांना आजचा तक्ता कुठल्या रंगात घालील ते मी बरेचदा मनात करून पाहते. लाल असणार.

शेवटच्या ओळी पंच्याऐंशीच्या पुढच्या. ज्या फिनलंडनं हृदय जिंकलं, तिथे आता स्मृतिभ्रंशानं होणाऱ्या मृत्यूंचा दर युरोपात सगळ्यात वर आहे. इंग्लंड आणि वेल्समध्येही, कोविडची दोन वर्षं सोडली तर, कित्येक वर्षं तेच पहिलं कारण आहे, दहातल्या एकाहून जास्त. काही अंशी डॉक्टर ते आता धीटपणे लिहू लागले म्हणून, पण मुख्य म्हणजे माणसं तिथपर्यंत पोचू लागली म्हणून. आणि कधी डॉक्टर काहीच शोधत नाहीत. ८ सप्टेंबर २०२२ ला बाल्मोरलमध्ये राणी एलिझाबेथ गेल्या. त्यांचा दाखला महिनाअखेर जाहीर झाला. वेळ दुपारी तीन दहा, कळवणारी व्यक्ती मुलगी अ‍ॅन, कारण फक्त दोन शब्द: 'ओल्ड एज', म्हातारपण. ब्रिटनमध्ये ऐंशीच्या पुढे ते चालतं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "हेच तर आपण लिहितो."

पण म्हातारपणालाही कधी कधी तारीख असते. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये उष्णतेची लाट आली आणि पंधरा हजारांच्या आसपास माणसं एरवीपेक्षा जास्त गेली. बहुतेक पंचाहत्तरीच्या पुढची. ऑगस्ट म्हणजे तिथे सुटीचा महिना. मुलं समुद्रावर, डॉक्टर रजेवर, आणि पॅरिसमध्ये जस्ताच्या पत्र्याखालच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत एकटी म्हातारी. ३ सप्टेंबरला पॅरिसबाहेर थिएच्या कबरस्तानात सत्तावन्न जणांना पुरलं, ज्यांना घ्यायला कोणीच आलं नव्हतं. राष्ट्राध्यक्ष शिराक तिथे उभे होते. त्या सत्तावन्न दाखल्यांवर कुठल्या ओळीत काय लिहिलं असेल? खालच्या ओळीत 'सुटी' लिहायची सोय नसते.

गेल्या रविवारी फोन आला तो सातलाच. एक तास आधी.

"काही नाही गं," आई म्हणाली, आणि मी उठून बसले. "बाबा मोरीत जरासे घसरले. लागलं काही नाही. बादली धरली त्यांनी."

वय मी विचारलं नाही. एक्क्याऐंशी. बादली प्लॅस्टिकची आहे, पाण्यानं भरलेली होती म्हणून हलली नाही एवढंच.

दुपारपर्यंत गल्लीतला नळवाला स्टीलचा दांडा घेऊन आला. मी व्हिडिओवर. "ताई, किती उंचीवर ठोकू?" तो म्हणाला. मी बाबांना कोरड्या फरशीवर स्टुलावर बसायला लावलं, उठायला लावलं आणि उठताना हात जिथे आपोआप गेला तिथे आईला पेन्सिलनं खूण करायला सांगितलं. तिनं खूण केली. बाबांनी परत बसून, उठून पाहिलं आणि ती दोन बोटं खाली करायला लावली.

"टाइल फुटेल रे बघ," ते नळवाल्याला म्हणाले. मग माझ्याकडे, म्हणजे फोनकडे वळून, "एवढं काय झालंय? देव न करो, उद्या काही..." आणि हात कपाळाकडे नेताना तोल सावरायला त्यांनी भिंत धरली.

"ड्रिल लाव," मी नळवाल्याला म्हटलं.

आवाज सुरू झाला. त्यातूनच आई ओरडली की दीड वाजलाय, आमटी निवतेय, आता ठेव.